मुंबईतून धूमकेतूचा मागोवा : कक्षा, स्थान आणि तेज यांची शिस्तशीर नोंद

ऑक्टोबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात त्सुचिनशान-ॲटलस हा धूमकेतू (सी/२०२३ ए३) संध्याकाळच्या पश्चिम आकाशात आला, तेव्हा तो कोणत्या दिवशी कोणत्या ताऱ्यांजवळ असेल हे कित्येक महिने आधीपासून ठाऊक होते. तो किती तेजस्वी दिसेल याविषयी मात्र शेवटपर्यंत एकमत नव्हते. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तर सूर्याजवळ पोहोचण्याआधीच त्याचे तुकडे होऊन तो विरून जाईल, असे भाकीत एका शोधनिबंधात केले गेले होते. प्रत्यक्षात २७ सप्टेंबरला तो सूर्यापासून ०.३९ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक) अंतरावरून सुखरूप पुढे गेला, १२ ऑक्टोबरच्या सुमारास पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला आणि नुसत्या डोळ्यांना दिसला. धूमकेतूची वाट मुख्यतः गुरुत्वाकर्षण ठरवते, त्यामुळे ती गणिताने काटेकोर सांगता येते. त्याचे तेज मात्र केंद्रकातला, म्हणजे धूमकेतूच्या घन गाभ्यातला, बर्फ किती वेगाने उडून जातो आणि आपल्याबरोबर किती धूळ नेतो यावर अवलंबून असते, आणि ते प्रत्येक धूमकेतूच्या बाबतीत वेगळे असते. म्हणून धूमकेतूचा मागोवा घेणाऱ्याने आपल्या वहीत भाकिताचा एक आणि प्रत्यक्ष निरीक्षणाचा एक असे दोन रकाने पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी ठेवावेत. पुढे दिलेली सारी पद्धत या दोन रकान्यांभोवतीच रचलेली आहे.

निवड आणि नाव

सुरुवातीला आठव्या ते नवव्या प्रतीपेक्षा (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका पदार्थ मंद) मंद नसलेला आणि निदान दोन महिने रात्रीच्या आकाशात राहणारा धूमकेतू निवडावा. वर्तमानपत्रांत गाजलेला धूमकेतू बहुधा सूर्याच्या अगदी जवळ आणि थोडेच दिवस दिसतो, त्यामुळे सरावासाठी तो सोयीचा नसतो. सातव्या प्रतीचा, संथपणे सरकणारा धूमकेतू नवशिक्याला कितीतरी अधिक शिकवतो.

नावावरून बरेच काही कळते. 'सी' म्हणजे फार दीर्घ काळाने येणारा किंवा पुन्हा न येणारा, 'पी' म्हणजे ठरावीक काळाने परतणारा आणि 'आय' म्हणजे आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला पदार्थ. त्यापुढे शोधाचे वर्ष, मग महिन्याचा पंधरवडा दाखवणारे इंग्रजी अक्षर आणि त्या पंधरवड्यातला क्रमांक येतो. 'ए३' म्हणजे जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला तिसरा. शोधणाऱ्याचे नाव धूमकेतूला देण्याच्या प्रथेमुळे एका धूमकेतूच्या नावात एक भारतीय नावही आहे: हार्वर्ड येथे शिकत असताना १९४९ मध्ये वेणू बाप्पू यांनी बोक आणि न्यूकर्क यांच्यासह शोधलेला बाप्पू-बोक-न्यूकर्क.

कक्षेचे सहा आकडे

धूमकेतूची वाट पूर्णपणे सांगण्यासाठी सहा राशी लागतात. तो सूर्याच्या सर्वांत जवळ केव्हा येतो ती वेळ, त्या वेळचे सूर्यापासूनचे अंतर (उपसूर्य अंतर), कक्षेची उत्केंद्रता (ती वर्तुळापेक्षा किती लांबट आहे त्याचे माप), पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी असलेला कल, धूमकेतू ते प्रतल दक्षिणेकडून उत्तरेकडे जिथे ओलांडतो त्या आरोही पाताची दिशा, आणि आरोही पातापासून उपसूर्य बिंदूपर्यंतचा कोन, अशा या सहा राशी आहेत. त्यांपैकी पहिल्या चार आकड्यांवर नजर टाकली तरी धूमकेतूचा स्वभाव कळू लागतो. हॅलेच्या धूमकेतूची उत्केंद्रता ०.९६७ आहे, म्हणजे कक्षा अतिशय लांबट पण बंद आहे, आणि कल १६२ अंश आहे, म्हणजे तो ग्रहांच्या उलट दिशेने फिरतो. उत्केंद्रता १ च्या अगदी आसपास असेल तर धूमकेतू ऊर्टच्या मेघातून (सूर्यमालेच्या दूरच्या कडेवरच्या बर्फाळ पदार्थांच्या कवचातून) आलेला असण्याची शक्यता मोठी असते. ती १ पेक्षा स्पष्टपणे मोठी असेल तर तो पाहुणा सूर्याला बांधलेला नाही. जुलै २०२५ मध्ये सापडलेल्या ३आय/ॲटलसची उत्केंद्रता ६ पेक्षा थोडी जास्त निघाली, तेव्हाच तो आंतरतारकीय असल्याबद्दल शंका उरली नाही.

हे आकडे मायनर प्लॅनेट सेंटर आणि नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची होरायझन्स सेवा यांच्याकडून विनामूल्य मिळतात. स्टेलेरियम या आकाशनकाशाच्या संगणक प्रणालीमध्ये सूर्यमाला संपादक या जोडप्रणालीतून ते थेट उतरवून घेता येतात. येथे एक काळजी अवश्य घ्यावी. प्रत्येक संचासोबत तो ज्या दिवसासाठी काढला आहे ती तारीख दिलेली असते. गुरूसारख्या ग्रहांच्या ओढीने कक्षा सतत किंचित बदलत असते, म्हणून तो संच त्या तारखेच्या जवळपासच खरा असतो. फोनमधील ॲपमध्ये वर्षभरापूर्वीचे आकडे तसेच पडून असतील, तर धूमकेतू दाखवलेल्या जागी सापडत नाही आणि निरीक्षक उगाच दुर्बिणीला दोष देतो. दर महिन्याला आकडे ताजे करून घ्यावेत.

एकदा हाताने गणित करून पाहा

संगणक सारे क्षणात सांगतो हे खरे, तरीही पहिल्या धूमकेतूसाठी सूर्यापासूनचे अंतर एकदा तरी स्वतः काढावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण त्यानंतर कोष्टकातला प्रत्येक आकडा ओळखीचा वाटू लागतो. नव्याने सापडलेल्या बहुतेक दीर्घकालीन धूमकेतूंची वाट उपसूर्य बिंदूच्या आसपास जवळजवळ परवलयाकार असते आणि परवलयासाठी गणित सोपे आहे. उपसूर्य अंतराला 'उ' म्हणू आणि उपसूर्य बिंदूपासून धूमकेतू जितक्या कोनातून वळला आहे त्याच्या निम्म्या कोनाच्या टॅनला 'स' म्हणू. मग

स + स³ ÷ ३ = ०.०१२१६३७ × दिवस ÷ (उ × √उ)

आणि सूर्यापासूनचे अंतर = उ × (१ + स²).

समजा उपसूर्य अंतर ०.५ खगोलीय एकक आहे आणि उपसूर्य बिंदू ओलांडून ३० दिवस झाले आहेत. उजवी बाजू १.०३२ येते. आता 'स' अंदाजाने घ्यायचा: ०.८२ घेतल्यास डावी बाजू १.००४ येते, म्हणजे थोडी कमी, आणि ०.८४ घेतल्यास १.०३८ येते, म्हणजे थोडी जास्त. दोन्हींच्या मध्ये सरकत गेल्यास ०.८३७ पाशी जुळते. त्यावरून सूर्यापासूनचे अंतर ०.८५ एकक आणि वळलेला कोन सुमारे ८० अंश मिळतो. हेच ६० दिवसांसाठी केले तर अंतर १.३६ एकक येते. पहिल्या तीस दिवसांत ८० अंश आणि पुढच्या तीस दिवसांत जेमतेम २५ अंश, एवढ्यावरून केप्लरचा दुसरा नियम डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि उपसूर्य बिंदूच्या आसपास रोज नोंद का हवी व नंतर आठवड्यातून दोनदा का पुरते, हेही उमगते. उत्केंद्रता १ पासून बरीच दूर असलेल्या नियतकालिक धूमकेतूंना हे सूत्र लागू पडत नाही. तिथे केप्लरचे समीकरण वापरावे लागते आणि ते काम संगणकावर सोपवणे योग्य.

मुंबईसाठी स्थितिसारणी

स्थितिसारणी म्हणजे धूमकेतू केव्हा कोठे असेल याचे कोष्टक. ती मागवताना होरायझन्समध्ये निरीक्षणाचे ठिकाण पृथ्वीचे केंद्र असे न ठेवता आपले अक्षांश-रेखांश द्यावेत. मुंबईसाठी १९.१ अंश उत्तर आणि ७२.९ अंश पूर्व एवढे पुरेसे आहे. यामुळे पडणारा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. धूमकेतू पृथ्वीपासून अर्धे खगोलीय एकक दूर असेल, तर पृथ्वीच्या केंद्रावरून आणि मुंबईवरून दिसणाऱ्या त्याच्या जागेत साडेसतरा कोनीय सेकंदांपर्यंत (अंशाचा साठावा भाग म्हणजे कोनीय मिनिट आणि त्याचा साठावा भाग म्हणजे कोनीय सेकंद) फरक पडू शकतो. पाच-पाच दिवसांच्या अंतराने पुढील स्तंभ मागवावेत: विषुवांश आणि क्रांती (आकाशातले जणू रेखांश आणि अक्षांश), सूर्यापासूनचे अंतर, पृथ्वीपासूनचे अंतर, सूर्यापासूनचे कोनीय अंतर, क्षितिजापासूनची उंची आणि आकाशातील गती.

वेळेच्या बाबतीत सर्व नोंदी जागतिक वेळेत, दिवसाच्या दशांशात ठेवण्याचा संकेत जगभर पाळला जातो. भारतीय प्रमाणवेळेतून साडेपाच तास वजा करून उरलेल्या तासांना २४ ने भागावे. १० तारखेच्या संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटे म्हणजे जागतिक वेळेप्रमाणे १४ वाजून १० मिनिटे, म्हणून नोंद १०.५९ अशी होते. पहाटेच्या निरीक्षणात येथे हमखास गोंधळ होतो. ११ तारखेला पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी केलेले निरीक्षण जागतिक वेळेप्रमाणे १० तारखेच्या २३ वाजून ४० मिनिटांचे असते आणि ते १०.९९ असे लिहावे लागते. तारीख एका दिवसाने चुकली की जलद सरकणाऱ्या धूमकेतूची जागा एक-दोन अंशांनी चुकते आणि संपूर्ण मालिका निरुपयोगी ठरते.

कोठून आणि केव्हा पाहावे

मुंबई महानगराच्या आकाशात उजेड इतका आहे की तिसऱ्या-चौथ्या प्रतीपेक्षा मंद तारे नुसत्या डोळ्यांना क्वचितच दिसतात. तरीही शहराच्या एका गोष्टीचा लाभ घेता येतो: पश्चिमेला उघडा समुद्र. संध्याकाळचा तेजस्वी धूमकेतू पाहण्यासाठी वरळी, वांद्रे, आक्सा किंवा गोराईचा किनारा चांगला, कारण तिथे क्षितिजाच्या अगदी खालच्या पट्ट्यापर्यंत नजर जाते. सातव्या प्रतीच्या आणि त्याहून मंद धूमकेतूंसाठी, तसेच पहाटेच्या धूमकेतूंसाठी शहर सोडावे लागते. कर्जत मार्गावरील वांगणी हे मुंबईच्या हौशी निरीक्षकांचे जुने ठिकाण आहे आणि खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाच्या रात्री तिथे होत आल्या आहेत. आता तिथेही बदलापूरच्या बाजूने उजेड वाढत चालला आहे, म्हणून माळशेजच्या दिशेने मुरबाडपलीकडची जागा जमल्यास पाहावी. जागा ठरवताना दिवसा जाऊन पूर्वेकडील डोंगररांग किती अंश आकाश झाकते ते मोजावे. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश असते.

आपल्या अक्षांशावर सूर्य आणि त्याच्यामागून जाणारे तारे क्षितिजाकडे बऱ्यापैकी सरळ उतरतात, दर चार मिनिटांना जवळजवळ एक अंश. सूर्यास्ताच्या वेळी धूमकेतू २० अंश उंचीवर असेल, तर चाळीस मिनिटांनंतर तो दहा अंशांवर येतो, आणि संधिप्रकाश पूर्ण संपायला लागणाऱ्या सव्वा तासानंतर तो क्षितिजाला टेकलेला असतो. म्हणजे अशा धूमकेतूसाठी सूर्यास्तानंतरची पस्तीस ते पन्नास मिनिटे एवढाच कामाचा काळ असतो आणि त्याआधी तिवई, नकाशा व तुलनेचे तारे सज्ज असले पाहिजेत.

चंद्राचा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरूनही करता येतो. संध्याकाळच्या धूमकेतूसाठी कृष्ण तृतीयेपासून पुढच्या शुक्ल तृतीयेपर्यंतचा काळ धरावा. पहाटेच्या धूमकेतूसाठी कृष्ण द्वादशीपासून शुक्ल दशमीपर्यंत चंद्राचा त्रास जवळजवळ नसतो. त्सुचिनशान-ॲटलसच्या वेळी १६ ऑक्टोबरला कोजागिरी आली होती, आणि धूमकेतू रोज उंच चढत असताना नेमक्या त्याच दिवसांत चांदण्याने त्याची शेपटी पुसट केली. पावसाळ्यावर मात्र उपाय नाही. जुलै २०२० मधला निओवाइज धूमकेतू कोकणपट्टीतल्या बहुतेकांना ढगांमुळे हुकला. अशा काळात आलेखात रिकामी जागा राहू द्यावी. दोन्हीकडच्या बिंदूंना रेषेने जोडून मधले आकडे भरू नयेत. पावसाळ्यात दुर्बिणीचीही काळजी घ्यावी लागते. मुंबईच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी आणि जेलचा रंग उतरला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे.

स्थान मोजणे

डोळ्यांनी स्थान नोंदवण्याची रीत साधी आहे. द्विनेत्री दुर्बिणीच्या दृश्यक्षेत्रातले निदान तीन तारे नकाशावर ओळखावेत, धूमकेतू त्यांच्याशी कोणता त्रिकोण करतो ते पाहावे, आणि टोकदार पेन्सिलीने त्याची जागा टिपून शेजारी वेळ लिहावी. सवयीने दोन-तीन कोनीय मिनिटांपर्यंत अचूकता येते. ती वैज्ञानिक उपयोगाला पुरेशी नसली तरी भाकिताच्या रेघेवर धूमकेतू रोज पुढे सरकताना स्वतः पाहणे हे या छंदातले मोठे समाधान आहे.

कॅमेरा जोडता आला तर काम गंभीर होते. प्रथम प्रत्येक पिक्सेल आकाशाचा किती भाग व्यापतो ते काढावे: २०६ ला पिक्सेलच्या मायक्रॉनमधील रुंदीने गुणून मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावे. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ४०० मिलिमीटरची दुर्बीण असेल तर उत्तर १.९ कोनीय सेकंद येते. धूमकेतू मिनिटाला ३ कोनीय सेकंद सरकत असेल, तर तो एक पिक्सेल सरकायला सुमारे ३९ सेकंद घेतो, म्हणून एक छायाचित्र त्यापेक्षा जास्त वेळ उघडे ठेवू नये. मंद धूमकेतूसाठी अशी अनेक छायाचित्रे घेऊन नंतर ती धूमकेतूच्या गतीप्रमाणे सरकवून एकत्र करावीत. प्रत्येक छायाचित्राच्या मध्याची वेळ सेकंदापर्यंत हवी, आणि त्यासाठी लॅपटॉपचे घड्याळ निरीक्षणापूर्वी इंटरनेटवरील वेळेशी जुळवून घ्यावे. ॲस्ट्रोमेट्रिका किंवा टायको ट्रॅकर यांसारखी प्रणाली छायाचित्रातल्या ताऱ्यांची गाइया अंतराळयानाच्या तारकायादीशी सांगड घालून धूमकेतूचे विषुवांश आणि क्रांती काढून देते. मोजताना खूण कोमातल्या (केंद्रकाभोवतीच्या वायू-धुळीच्या धूसर आवरणातल्या) सर्वांत तेजस्वी बिंदूवर ठेवावी, कोमाच्या ढोबळ मध्यावर नव्हे. शेपटीमुळे कोमा एका बाजूला ताणलेला असतो आणि त्याचा मध्य केंद्रकापासून दूर पडतो.

मिळालेल्या स्थानातून होरायझन्सचे भाकीत वजा करावे. विषुवांशातला फरक क्रांतीच्या कोसाइनने गुणायला विसरू नये. हे उरलेले फरक एक-दोन कोनीय सेकंदांच्या आत आणि दोन्ही बाजूंना विखुरलेले असतील तर मोजमाप चांगले आहे. सगळे एकाच दिशेला झुकत असतील तर बहुतेक वेळा घड्याळ दोषी असते. काही आठवड्यांची स्थाने जमल्यावर फाइंड ऑर्ब या विनामूल्य प्रणालीत ती घालून स्वतःची कक्षा काढून पाहावी. केवळ चार-पाच दिवसांच्या निरीक्षणांवरून काढलेली उत्केंद्रता भलतीच येईल, महिन्याभराच्या निरीक्षणांनंतर ती प्रसिद्ध आकड्याकडे सरकेल. गाउसने १८०१ मध्ये सेरेसच्या अल्पशा निरीक्षणांवरून कक्षा काढून दाखवली, तेव्हा किती अवघड काम साधले होते, याची जाणीव या सरावातून होते.

तेजाचा अंदाज

या भागावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. तारा हा बिंदू आहे आणि धूमकेतू पसरलेला धूसर ठिपका आहे, त्यामुळे दोघांची थेट तुलना डोळा करू शकत नाही. यावरचा उपाय म्हणजे ताऱ्याला पसरवणे. सर्वांत रुळलेली सिजविक पद्धत अशी आहे: दुर्बीण नीट केंद्रित करून धूमकेतूच्या कोमाचे सरासरी तेज आणि त्याचा आकार मनात ठसवावा. मग तुलनेच्या ताऱ्याकडे वळून केंद्रीकरण इतके बिघडवावे की ताऱ्याची चकती कोमाएवढी दिसेल, आणि तिचे तेज आठवणीतल्या धूमकेतूशी ताडून पाहावे. धूमकेतूपेक्षा किंचित तेजस्वी आणि किंचित मंद असे दोन तारे सापडले की त्यांच्यामधल्या अंतराचे मनातल्या मनात दहा भाग करून धूमकेतूची जागा ठरवावी. तारे ६.२ आणि ७.० प्रतीचे असतील आणि धूमकेतू तेजस्वी ताऱ्यापासून चार भाग खाली वाटत असेल, तर प्रत ६.२ + ०.४ × ०.८, म्हणजे ६.५ येते. मग ताऱ्यांची दुसरी जोडी घेऊन पहिले उत्तर विसरून पुन्हा अंदाज करावा.

धूमकेतूचा मध्य फार उठावदार असेल, तर मॉरिस पद्धत अधिक बरी. तिच्यात धूमकेतूलाही थोडे अस्पष्ट करून त्याचे तेज एकसारखे पसरवून घेतात आणि मग तारे त्याच आकाराला आणतात. कोणतीही पद्धत घ्यावी, पण एका धूमकेतूसाठी शक्यतो तीच शेवटपर्यंत ठेवावी आणि नोंदीत तिचे नाव लिहावे.

तुलनेच्या ताऱ्यांच्या प्रती विश्वासार्ह यादीतून घ्याव्यात. टायको-२ ची यादी किंवा चल ताऱ्यांच्या अमेरिकन संघटनेचे नकाशे चालतील. त्या नकाशांवर दशांश चिन्ह ताऱ्याच्या ठिपक्याशी गल्लत होऊ नये म्हणून छापत नाहीत, ७८ म्हणजे ७.८ असे वाचावे. तांबडे तारे टाळावेत, कारण अंधारात डोळा लाल रंगाला कमी दाद देतो आणि धूमकेतू आहे त्यापेक्षा तेजस्वी ठरतो.

मुंबईतली दमट, धूळभरी हवा प्रकाश बराच शोषते. दहा अंश उंचीवरून येणारा किरण शिरोबिंदूच्या तुलनेत साडेपाच पटींहून अधिक हवेतून येतो, वीस अंशांवरून जवळजवळ तीन पट. हवा दर पटीला ०.४ प्रत खात असेल, तर दहा अंशांवरचा धूमकेतू वीस अंशांवरच्या ताऱ्याशी ताडताना एका प्रतीहून जास्त चूक होते. म्हणून तुलनेचे तारे धूमकेतूच्याच उंचीवरचे निवडावेत, मग ते आकाशात डावी-उजवीकडे दूर असले तरी चालतील. दुर्बीणही धूमकेतू स्पष्ट दिसेल इतकीच लहान घ्यावी, कारण मोठ्या दुर्बिणीत कोमाची विरळ कड हरवते आणि अंदाज मंद येतो. शहराच्या उजेडानेही नेमके हेच होते. त्यामुळे घराच्या गच्चीवरून केलेले आणि वांगणीहून केलेले अंदाज आलेखात वेगवेगळ्या खुणांनी दाखवावेत. शक्य असेल तेव्हा दोन मित्रांनी एकाच रात्री दोन्ही ठिकाणांहून पाहून फरक किती पडतो ते मोजावे. तो फरक कोमाच्या आकाराप्रमाणे बदलतो, म्हणून एकदा काढलेली दुरुस्ती कायमची लावू नये.

कोमाचा व्यास मोजण्यासाठी स्थिर दुर्बीण पुरते. धूमकेतूला दृश्यक्षेत्राच्या कडेवर सरकू द्यावे, कोमाची पुढची कड अदृश्य होऊ लागल्यापासून मागची कड नाहीशी होईपर्यंतचे सेकंद मोजावेत, त्यांना चारने भागून क्रांतीच्या कोसाइनने गुणावे. २० अंश क्रांतीवर २४ सेकंद लागले तर व्यास साडेपाच कोनीय मिनिटांच्या आसपास येतो. कोमा मध्याकडे किती दाटला आहे ते शून्य ते नऊ या मापाने लिहितात: शून्य म्हणजे कोठेही दाटपणा नसलेला धूसर डाग, नऊ म्हणजे ताऱ्यासारखा बिंदू. हा आकडा अचानक वाढला तर केंद्रकात उद्रेक झाल्याचा संशय घ्यावा. कोमा मोठा होत असताना तो सतत घसरू लागला तर धूमकेतू विखुरत असण्याची शक्यता असते.

जागच्या जागी लिहिलेली नोंद साधारण अशी असावी: "१०.५९ जागतिक वेळ, सिजविक, प्रत ६.५, तारे टायको-२, १०×५० द्विनेत्री, कोमा ६ मिनिटे, दाटपणा ४, शेपटी अर्धा अंश, उत्तरेकडून पूर्वेस ७० अंशांच्या दिशेला, वांगणी, धूमकेतूची उंची २८ अंश, चंद्र नाही, वायव्येला बदलापूरचा उजेड." निरीक्षणापूर्वी इतरांचे आकडे पाहू नयेत. अपेक्षित उत्तर ठाऊक असले की डोळा ते शोधून काढतो, आणि अशा अंदाजांनी भरलेली मालिका फसवी असते. आपला आकडा लिहून झाल्यावरच तो कॉब्स या स्लोव्हेनियातून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय संग्रहात भरावा व मग इतरांचे पाहावे. आपल्याकडे रात्र असते तेव्हा युरोपात बऱ्याचदा अजून उजेड असतो आणि जपानात धूमकेतू मावळलेला असतो, त्यामुळे भारतातून आलेल्या नोंदी आलेखातली खरीखुरी पोकळी भरतात.

आलेख काढणे आणि वाचणे

धूमकेतूच्या तेजाचे प्रचलित सूत्र असे आहे:

प्रत = एच + ५ × लॉग(पृथ्वीपासूनचे अंतर) + २.५ × एन × लॉग(सूर्यापासूनचे अंतर)

'एच' म्हणजे दोन्ही अंतरे एक खगोलीय एकक असताना असणारी प्रत, आणि 'एन' म्हणजे सूर्याजवळ येताना धूमकेतू किती वेगाने उजळतो त्याचे माप. माहिती नसेल तेव्हा 'एन' ४ धरतात. वरच्या उदाहरणातल्या धूमकेतूचा 'एच' ६ असेल आणि तिसाव्या दिवशी तो पृथ्वीपासून ०.७ एकक दूर असेल, तर प्रत ६ − ०.७७ − ०.७१, म्हणजे ४.५ येते. हा झाला भाकिताचा रकाना.

आता आपल्या निरीक्षणांतून धूमकेतूचे स्वतःचे 'एच' आणि 'एन' काढायचे. प्रत्येक निरीक्षणातून ५ × लॉग(पृथ्वीपासूनचे अंतर) वजा करावे, म्हणजे पृथ्वीच्या जवळ-दूर असण्याचा परिणाम निघून जातो. उरलेली प्रत उभ्या अक्षावर आणि सूर्यापासूनच्या अंतराचा लॉग आडव्या अक्षावर मांडावा. बिंदू सरळ रेषेवर पडले तर तिचा चढ म्हणजे २.५ × एन, आणि लॉग शून्य असताना रेषा जिथे येते तो एच. समजा १.५ एककावर उरलेली प्रत ८.२ होती आणि ०.९ एककावर ६.२. लॉगमधला फरक ०.२२२, म्हणून चढ ९.०, एन ३.६ आणि एच ६.६. दोनच बिंदूंवर विसंबू नये हे उघड आहे. कॅमेऱ्याचे आकडे आणि डोळ्यांचे आकडे एकाच रेषेत कोंबू नयेत, आणि उपसूर्य बिंदूपूर्वीचे व नंतरचे बिंदू वेगळे मांडावेत, कारण अनेक धूमकेतू उजळताना एका चढाने आणि मंदावताना दुसऱ्या चढाने जातात.

'एन'ची थोडीशी चूकही दूरवरच्या भाकितात किती फुगते ते पाहण्याजोगे आहे. सूर्यापासून ०.३ एककावर 'एन'मधल्या एका अंकाच्या फरकाने प्रत १.३ ने बदलते. ऊर्टच्या मेघातून प्रथमच येणारा धूमकेतू पृष्ठभागावरच्या अतिशय बाष्पनशील बर्फांमुळे दूरवरच उजळतो आणि जवळ येताना त्याची वाढ मंदावते. दूर असतानाच्या उत्साही चढावरून भाकीत केले की निराशा पदरी पडते, १९७३ मधल्या कोहूटेकच्या बाबतीत झाले तसे. आयसॉन तर २८ नोव्हेंबर २०१३ रोजी सूर्याला चाटून जाताना विखुरलाच. उलट बाजूला, धूमकेतू पृथ्वी आणि सूर्य यांच्या जवळजवळ मधोमध आला की त्याची धूळ सूर्यप्रकाश आपल्याकडे पुढे फेकते आणि तेज सूत्रापेक्षा कितीतरी वाढते. ऑक्टोबर २०२४ मध्ये काही दिवस असेच झाले. अशा दिवसांचे बिंदू आलेखात अवश्य ठेवावेत, परंतु रेषा बसवताना वगळावेत.

आणि काही घटना कोणत्याही सूत्रात बसत नाहीत. १७पी/होम्स हा धूमकेतू ऑक्टोबर २००७ मध्ये, उपसूर्य बिंदू ओलांडून पाच महिने झाल्यावर, दोन दिवसांच्या आत सतराव्या प्रतीवरून तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळला. त्यामुळे मंद झालेल्या धूमकेतूचाही मागोवा लगेच सोडू नये. तो आपल्या दुर्बिणीच्या टप्प्याबाहेर गेला तरी "अमुक प्रतीपर्यंतचे तारे दिसले, धूमकेतू दिसला नाही" ही नकारात्मक नोंद लिहावी, कारण नंतर उद्रेकाची वेळ ठरवताना तीच कामी येते.

सराव म्हणून सुरुवात करायची असेल तर २पी/एन्के उत्तम आहे. त्याचा फेरा केवळ ३.३ वर्षांचा आहे, उपसूर्य अंतर ०.३४ एकक आहे, आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये, म्हणजे मुंबईचे आकाश वर्षात सर्वांत निरभ्र असते त्या हंगामात, तो पुन्हा उपसूर्य बिंदूपाशी येत आहे. त्याची कक्षा बंद आणि ठळकपणे लंबवर्तुळाकार असल्याने वरचे परवलयाचे सूत्र त्याला चालणार नाही. त्याचा फेरा गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा किंचित वेगळा पडतो, ही गोष्ट एन्के यांनी एकोणिसाव्या शतकातच हेरली होती, आणि त्याचे कारण केंद्रकातून उडणाऱ्या वायूचे झोत हे आहे, म्हणून होरायझन्समधून आकडे घेताना गुरुत्वाकर्षणाखेरीजच्या बलांचे स्तंभही पाहावेत. आधीच्या फेऱ्यांतली निरीक्षणे कॉब्समध्ये आहेत. त्यांवरून उपसूर्य बिंदूपूर्वीचे 'एच' आणि 'एन' आधीच काढून भाकिताचा रकाना भरावा, त्या हंगामातल्या अमावास्यांवर खूण करावी, आणि जानेवारीच्या पहिल्या निरभ्र रात्रीपासून दुसरा रकाना भरायला घ्यावा.